सहावा भाग, सबटायटलशिवाय

दादाच्या नावाचं पार्सल आलं, तेव्हा दादाला जाऊन दोन महिने होऊन गेले होते. कुरिअरवाल्याने ओटीपी मागितला. तो दादाच्या मोबाइलवर आला, कारण वहिनी तो मोबाइल अजून रोज चार्जिंगला लावतात.

"साहेब स्वतः नाहीत का?" कुरिअरवाल्याने विचारलं.

"नाहीत."

"कधी येतील?"

"उशीर होईल," वहिनी म्हणाल्या.

तो मान डोलावून लिफ्टने खाली गेला. वहिनींनी मला फोन लावला. "भाऊजी, तुमच्या गुंडांचं शेवटचं खोकं आलंय. रविवारी या आणि काय ते बघा."

गुंड जपानी होते. म्हणजे सिनेमातले. बंदराचं गाव, तिथली टोळी, टोळीचा म्हातारा म्होरक्या, त्याच्यासमोर दारूचा पेला फिरवून भाऊ झालेले दोघे, एक थोरला आणि एक धाकटा, आणि सहा भाग पुरून उरतील इतके विश्वासघात. असले जुने सिनेमे परदेशातली एक छोटीशी कंपनी हुडकून काढते, मूळ निगेटिव्हवरचे ओरखडे पुसते, विटलेले रंग जागेवर आणते आणि ब्लू-रेवर काढून जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात विकते. आमच्यासारखे लोक ती खोकी निघायच्या कितीतरी आधी मागवून ठेवतात आणि मग वाट बघतात. घरचे लोक याला 'सीडी जमवणं' म्हणतात. आम्ही ती चूक दुरुस्त करत नाही. दुरुस्त केली की पुढचे प्रश्न येतात.

आमच्या घरात हे मामामुळे शिरलं. मामा जहाजावर होता. एकदा त्याने कुठल्याशा बंदरातून या मालिकेच्या पहिल्या पाच भागांच्या व्हिडिओ कॅसेट आणल्या. सहावा त्याला मिळाला नाही. कॅसेटवर सबटायटल नव्हती आणि पडद्यावर सतत मुंग्या चालायच्या. त्या मुंग्यांमधून माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि एकमेकांना भोसकत होती, पण का, ते कळायला मार्ग नव्हता. दादा माझ्याहून मोठा. तो टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला आणि कोण काय म्हणतंय ते मला सांगायला लागला.

"तुला जपानी येतं?" मी विचारलं.

"थोडं थोडं."

मी विश्वास ठेवला. दादाचं थोडं थोडं जपानी पुढे जन्मभर पुरलं.

मोठेपणी त्याच सिनेमांच्या धुऊन-पुसून काढलेल्या आवृत्त्या येऊ लागल्या, तेव्हा खोक्याच्या पाठीवर मोठ्या दिमाखात छापलेलं असायचं: संपूर्ण नवीन इंग्रजी सबटायटल, जाणकारांकडून तपासलेली. पहिला भाग आम्ही लावला. पडद्यावर मुंग्या नव्हत्या. म्होरक्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्याने तोंड उघडलं, खाली इंग्रजी ओळ उमटली, आणि ती वाचायच्या आत दादाने रिमोट उचलून सबटायटल बंद केली.

"काय बोलतात ते मला माहितेय," तो म्हणाला.

तेव्हापासून रीतच पडली. खोकं दोघांनी मिळून उघडायचं, सबटायटल बंद करायची आणि दादाने बोलायचं. मी नुसतं बघायचं. जाणकारांनी तपासलेलं उत्तम भाषांतर आम्ही दर वेळी विकत घेतलं ते बंद करण्यासाठी.

दादाच्या भाषांतरात म्होरक्या हा कुठल्यातरी सोसायटीचा त्रासलेला सेक्रेटरी होता. एकजण चूक कबूल करून करंगळी कापतो, पांढऱ्या रुमालात गुंडाळून म्होरक्यापुढे सरकवतो, असा एक फार गंभीर प्रसंग आहे. त्यात दादाचा म्होरक्या म्हणायचा, "टेबलावर नको रे, डाग पडतो." गोळीबार ऐन रंगात आला की टोळीतला कुणीतरी ओरडायचा, "अहो, चहा टाकलाय का?" आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज यायचा, "अख्ख्या टोळीला नाही मिळणार!"

आणि मरणाऱ्या प्रत्येकाला दादाने एकच वाक्य दिलं होतं. पोटात सुरा असो की छातीत गोळ्या, तो जेवून उठलेल्या माणसाच्या आवाजात म्हणायचा, "मी जरा पडतो." पाचव्या भागाच्या शेवटी थोरला मासळीबाजारात मरतो. भिंतीला टेकतो, एक हात पुढे करतो आणि भिंतीवरून घसरत घसरत खाली येतो. फार वेळ लागतो त्याला. दादाने तेवढा वेळ ते वाक्य ताणलं होतं. "मी... जरा... मला वाटतं, मी... जरा..." मी खुर्चीतून खाली यायचा राहिलो होतो.

हे मरण दादाला इतकं आवडलं, की तो ते घरात करू लागला. जेवण जड झालं, पाहुणे आले, कुणी कपाट सरकवायला सांगितलं, की भिंतीला टेकायचं, हात पुढे करायचा आणि घसरत खाली बसायचं. वहिनी त्याला ओलांडून जायच्या. "पडा," म्हणायच्या, "पण भिंतीला तेल लावू नका."

नोकरीत दादा लिफ्ट तपासनीस होता. लिफ्टचे दोर, ब्रेक, दारांची कुलपं बघायचं आणि पास की नापास ते लिहायचं. दादा बहुतेक नापासच लिहायचा. स्वतःच्या बिल्डिंगची लिफ्टही त्याने नापास केली. सोसायटीत बोंबाबोंब झाली, पण तो हटला नाही. मग दुरुस्ती होईपर्यंत इतरांसोबत तोही बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढू लागला, आणि त्या जिन्यातच गेला. वहिनी पुढे होत्या. "जिन्यात बसले. मी वर दार उघडत होते," एवढंच त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. लिफ्ट नंतर पास झाली. आता छान चालते.

मला काही वाटलं नाही. ही तक्रार नाही, आहे ते सांगतोय. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. कवळ्या आणि कॅप बनवतो. आमच्याकडे दाताचा रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, तिला शेड गाइड म्हणतात. पेशंटच्या तोंडाजवळ ती धरायची आणि कुठला दात कुठल्या नमुन्याशी जुळतो ते बघायचं. दादा गेल्यावर भेटायला येणारे लोक माझ्या चेहऱ्याजवळ तसंच काहीतरी धरून बघायचे. जुळायचं नाही. मग म्हणायचे, "रडून घे एकदा," आणि मी म्हणायचो, "हो, बघतो," जसं काही ते काम माझ्याकडे आलेलं होतं आणि डिलिव्हरी द्यायची राहिली होती. चौथ्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन एका आजोबांची वरची कवळी पूर्ण केली. चांगली बसली म्हणे.

रविवारी दुपारी गेलो. पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलासमोर ते काचेचं कपाट होतं. त्यात दादाची खोकी, एका रेषेत, कणे बाहेर. आमच्या मालिकेचे पाच भाग डोळ्यांच्या पातळीवर, आणि शेजारी सहाव्यासाठी ठेवलेली फट.

"हे कपाट मला नकोय," वहिनी म्हणाल्या. "जेवताना तोंड तिकडेच होतं. तुमच्या त्या पुठ्ठेवाल्यांना सांगितलंय. ते आज येऊन सगळं नेणार आहेत. तुम्हाला काही हवं असेल तर आधी काढून घ्या."

पुठ्ठेवाले हे आमच्यातले एक संग्राहक. धंद्याने नोटरी. खोक्याच्या बाहेरचं जे पुठ्ठ्याचं आवरण असतं, त्याच्या कोपऱ्याला कणभरही मोड आलेली त्यांना खपत नाही, म्हणून वहिनींनी हे नाव ठेवलेलं. सकाळीच त्यांचा मला फोन आला होता. दादाबद्दल फार वाईट वाटतं म्हणाले आणि त्याच दमात म्हणाले, "सहावा उघडू नका हं. सीलबंद सहाव्यासकट पूर्ण मालिका फार कमी लोकांकडे आहे."

"कसा आहे पण सहावा?" मी विचारलं होतं.

"मी सिनेमे फारसे बघत नाही हो," ते म्हणाले. "वेळ कुठे मिळतो?"

मला कपाटातलं काही नको होतं. मी तसं वहिनींना सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पार्सल माझ्याकडे सरकवलं.

"मग हा तरी बघून घेऊ. पाच झाले आणि सहावा नाही, असं कसं? हे किती वाट बघत होते."

"पुठ्ठेवाल्यांना सीलबंद हवाय."

"सीलबंद काय? आइस्क्रीम आहे का वितळायला? उघडा."

मेण कोरायची माझी सुरी मी सवयीने खिशातून आणलीच होती. दर खोक्याला हीच सुरी लागायची. सेलोफेन कडेने कापलं. दादा तो कागद काढून घडी करून ठेवायचा. मी हातात धरून उभा राहिलो आणि शेवटी टेबलावर ठेवला. दादाच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. वहिनींनी ते उचलले नाहीत. शेजारची खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि बसल्या.

डिस्क फिरायला लागली. सुरुवातीलाच मागच्या भागाची उजळणी होती: मासळीबाजार, धाकट्याची धावपळ, भिंतीला टेकलेला थोरला. या वेळी रिमोट उचलणारं कुणी नव्हतं, म्हणून सबटायटल चालूच राहिली. थोरल्याने हात पुढे केला, घसरायला लागला, आणि खाली इंग्रजीत उमटलं की बोटीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे.

वहिनींनी ते दोनदा वाचलं असावं. "किल्ली?"

"हो. असं लिहिलंय."

"असं नाही म्हणत तो," वहिनी म्हणाल्या.

पुढचं थोडा वेळ आम्ही वाचत बघितलं. चित्र सुरेख होतं. थोरल्याच्या मारेकऱ्याचे पुढचे दोन दात सिगारेटने पिवळे झालेले, ए-साडेतीन शेड, अगदी ओळखू येत होती. पण माणसं जे बोलत होती ते मासळीच्या परवान्याबद्दल होतं, गोदामाच्या भाड्याबद्दल, कुणाच्या तरी मेहुण्याला नगरपालिकेत चिकटवण्याबद्दल. म्होरक्या सोसायटीचा सेक्रेटरी नव्हता. तो कुणालाही डाग पडेल म्हणून ओरडला नाही. मला ही माणसं ओळखू येईनात. वाईट वाटलं असं नाही. चुकून शेजारच्या दारात शिरावं आणि आतले लोक जेवत असावेत, तसं झालं.

वहिनींनी रिमोट घेतला आणि सबटायटल बंद केली.

आता नुसते जपानी आवाज उरले. तेही फार नव्हते. पंख्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता.

"बोला ना," वहिनी म्हणाल्या.

"मला कुठे येतं?"

"यांना तरी कुठे येत होतं?"

पडद्यावर दोन माणसं एकमेकांना वाकून नमस्कार करत होती, आणि त्यांच्याकडून काय म्हणवून घ्यावं ते मला सुचेना. इतकी वर्षं मी फक्त हसायच्या कामावर होतो.

वहिनी पडद्याकडेच बघत बोलायला लागल्या. बाजारात काय काय आणलं ते सांगावं, अशा आवाजात.

"जिन्यात यांनी तेच केलं. भिंतीला टेकले, हात पुढे केला आणि घसरत खाली बसले. मी दोन पायऱ्या वर होते. मागे वळून बघितलं. म्हटलं, पडा, पण भाजीची पिशवी इकडे द्या. पिशवी घेतली त्यांच्या हातातून. वर आले. दार उघडलं. भाजी काढली, फ्रीजमध्ये लावली. नीट लावली, पालेभाजी वेगळी, टोमॅटो वेगळे. म्हटलं, आज फारच लांबवलंय नाटक."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघत नव्हत्या.

"हात पुढे केला होता तो मला बोलवायला असेल, नाही का? आणि मी त्यातली पिशवी घेतली. डॉक्टर विचारत होते, आधी काही त्रास जाणवला का, काही खुणावलं का. मी म्हटलं, नाही."

यावर मी काहीतरी म्हणायला हवं होतं. 'यात तुमचा काय दोष' हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. दोन महिन्यांत लोकांनी मला अशी वाक्यं भरपूर दिली होती. पण तयार मापाची कवळी कुणाच्याच तोंडात बसत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी गोळी घातली आणि तो माणूस एक शब्दही न बोलता पडला.

बेल वाजली. पुठ्ठेवाले रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन आले होते. त्यांची नजर आधी टेबलावरच्या सेलोफेनवर गेली. ते चपला काढता काढता थांबले.

"अरेरे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कधी झालं हे?"

"मघाशी," मी म्हणालो.

"मला कळवायचं तरी." दादाच्या वेळी ते याहून बरेच सावरलेले होते. "पुठ्ठा तरी शाबूत आहे ना?"

वहिनींनी बाहेरचं आवरण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरून चारही कोपरे तपासले आणि जरा श्वास घेतला.

"तुम्ही पुठ्ठे घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या भागांचे न्या. आतलं राहू द्या इथे."

"पण कपाट नको म्हणत होतात ना?"

"कपाट नकोच आहे. बसा आता. संपत आलाय, मध्ये बोलू नका."

पुठ्ठेवाले दादाच्या खुर्चीकडे गेले. इस्त्रीचे कपडे बघून मागे फिरले आणि एका रिकाम्या खोक्यावर टेकले.

शेवटचा प्रसंग एका बंद खोलीत होता. समोर थोरल्याचा काळ्या चौकटीतला फोटो. धाकटा एकटाच आत आला, काळा कोट, एका हाताला बँडेज, आणि फोटोपुढे गुडघे टेकून बसला. कॅमेरा हलला नाही. बऱ्याच वेळाने धाकटा बोलायला लागला. मोठं भाषण होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि थांबवणारंही कुणी नव्हतं. त्याचे ओठ हलत राहिले आणि मला दिसलं, की हे काम आता दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही.

"दादा," मी म्हणालो.

वहिनींनी मान वळवली नाही. "मोठ्याने. पंख्यात ऐकू येत नाही."

"दादा, ही काय पद्धत झाली?" मी म्हणालो. धाकट्याचे ओठ माझ्या जरा पुढे होते, मी त्यांना गाठलं. "रोज मरायचास. जेवलास की मरायचास. पाहुणे आले की मरायचास. कपाट सरकवायचं म्हटलं की आधी मरायचास आणि मग उठून दुसऱ्याने सरकवलेलं बघायचास. मग खरं मरताना तरी वेगळं काही करायचंस. ओरडायचंस. पिशवी फेकायचीस. तेच ते करून दाखवलंस, आणि आम्ही ओळखायचं? कसं ओळखायचं?"

धाकट्याने खाली बघितलं, मी थांबलो. त्याने वर बघितलं.

"वहिनी वर गेल्या. मग काय करणार? मी असतो तर मीही वर गेलो असतो. आधी हसलो असतो, टाळी दिली असती आणि वर गेलो असतो. पिशवीसुद्धा तुलाच आणायला लावली असती. तेवढी तरी त्यांनी घेतली." माझा आवाज मला अनोळखी वाटत होता, जरा वरच्या पट्टीत, दादाच्या भाषांतरातला धाकटा बोलायचा तसा. "लिफ्ट नापास करत बसलास. दोर घासलाय, ब्रेक ढिला आहे. लिफ्टमधलं सगळं कळायचं तुला. आणि स्वतःचं? कधी तपासून घेतलंस? आता सगळे त्या लिफ्टने जातात. मीही आज तिनेच आलो. चांगली आहे, आवाज करत नाही. सांगून ठेवतो, तुला राग आला तर येऊ दे."

धाकट्याचं बोलणं संपत नव्हतं. माझ्याकडचं संपत आलं होतं.

"आणि किल्ली सापडली," मी म्हणालो. "कोटाच्या खिशातच होती."

पुठ्ठेवाले मघापासून चुळबुळत होते. ते वहिनींकडे झुकले. "वहिनी, हे सबटायटलमध्ये आहे का? कारण तिथे लिफ्टचा काही संबंध..."

"सबटायटलमध्ये चुका आहेत," वहिनी म्हणाल्या. "मूळ जपानीत असंच आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. डोळे पदराने पुसले की चष्मा, ते मी बघितलं नाही. पडदा सोडून दुसरीकडे बघायची मला त्या वेळी सोय नव्हती.

धाकट्याने बोलणं थांबवलं. तो पुढे वाकला, दोन्ही हात जमिनीवर टेकवले, मग कपाळ टेकवलं आणि तसाच राहिला. संगीत नाही, काही नाही. साफ केलेल्या चित्रात त्याच्या पाठीवरच्या कोटाची शिवणही दिसत होती.

"आता काय म्हणतोय?" वहिनींनी विचारलं.

"आता काही नाही. आता तो जरा पडलाय."

वहिनींनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं.

"पडू दे," त्या म्हणाल्या.